पेन्सिलीनं घातलेलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अक्कालासुद्धा नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं अक्काच सगळीकडे सांगत असते. एवढा एक तीळ मात्र भिजला. सात वर्षं भिजत पडलाय. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शाळामास्तरीण. लग्न केलं नाही. राहून गेलं, असं म्हणायची पद्धत आहे. आता कानडी मुलखातल्या रामनगरच्या शाळेत आहे, घरापासून चालत दहा मिनिटं. ही दहा मिनिटं मी कशी मिळवली, तेच सांगायचंय. पण थेट तिथं जाता येत नाही मला. जरा वळसा घेऊ द्या.

त्याआधी अकरा वर्षं मी कुंभारवाड्याच्या पलीकडे एका वाडीतल्या मराठी शाळेत होते. सोमवारी पहाटे रामनगरहून निघायचं, जोयड्याला बस बदलायची, आणि शनिवारी दुपारी परत. मधले दिवस एका शेतकऱ्याच्या घराच्या पडवीतली खोली. शाळा सुटली की वाडीतली माणसं शेतावर नाहीतर रानात, आणि मी खोलीच्या उंबऱ्यावर. बोलायला कुणी नाही. आपलाच आवाज ऐकू यावा म्हणून मी पाढे मोठ्यानं म्हणत भाजी चिरायची. हसा तुम्ही. मीही हसायची, पण एकटीनं हसून किती हसणार?

शाळेत चौदा मुलं, मी आणि कानडी शिकवणारे एक सर. मुख्याध्यापिकेचा भार माझ्याकडेच. आणि तालुका शिक्षक संघाची मी सहकार्यदर्शी, म्हणजे सहसचिव. महिन्यातल्या एका शनिवारी जोयड्यात बैठक व्हायची. संघाचे अध्यक्ष देसाई सर, निवृत्तीला आलेला माणूस, आवाज फाटका पण शब्दाला पक्का.

ती जून महिन्यात आली. मावी. दहा वर्षांची. बरोबर तिचे वडील. ही माणसं ब्रह्मदेशातली, तिथल्या डोंगरातली. गावावर सैन्य आलं, घरं जळली, आणि ही तिघं चालत सरहद्द ओलांडून, मग कुठं कुठं फिरत, शेवटी आमच्या रानातल्या एका होमस्टेवर कामाला लागली. बाप सुतारकाम करायचा, आई स्वयंपाकघरात. त्यानं माझ्यापुढं प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. आत निर्वासित असल्याचं एक कार्ड, घडी पडून पडून मधोमध फाटलेलं. दुसरा कागद नाही. जन्माचा नाही, जुन्या शाळेचा नाही, आधार नाही. मोडक्या हिंदीत तो एवढंच म्हणाला, की लेकीचं शिकणं दोनदा तुटलंय, तिसऱ्यांदा तुटू नये.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रानातल्या वाड्यांवर आई-बाप कामाला गेले की धाकटी पोरं थोरल्याच्या पाठोपाठ शाळेत येतात. तीन-चार वर्षांची. त्यांना हाकलायचं कुठं? बसू देतो आम्ही. 'बसायला येतंय' म्हणतात त्याला. अशा पोराचं नाव रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. वय झालं की खोडायचं आणि पुढं शाईनं घालायचं. वाईट काही नाही त्यात. चांगली रीत आहे. पण ती तीन वर्षांच्या पोरांसाठी आहे.

मी मावीचं नाव शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं. आठ दिवसांत शाईनं घालू, आधी विचारून घेऊ, असं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं होतं का? आज सांगता येत नाही. नाव घातलं, एवढं मात्र तिच्या बापाला सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला होता.

त्या महिन्याच्या बैठकीत मीच विषय काढला. कौतुक करून घ्यायची हौस होती, दुसरं काय. आणि काय सांगू — संघ असा उभा राहिला की मला वाटलं नव्हतं. कागद नाहीत म्हणून कुठल्याही मुलाला शाळेतून परत पाठवता येत नाही, हा नियम देसाई सरांनी वाचून दाखवला. ठराव झाला: अशा मुलाचं नाव घालणाऱ्या शिक्षकाला वरून विचारणा आली, तर उत्तर संघ देईल, शिक्षक एकटा राहणार नाही. पाच शाळांतल्या बायकांनी बसून चित्रांचे पत्ते केले. वर चित्र, खाली मराठी शब्द, त्याखाली कानडी, आणि त्याखाली एक ओळ मोकळी — मुलानं आपल्या घरचा शब्द सांगायचा, बाईंनी तिथं लिहायचा. कुणी जुना गणवेश दिला, कुणी पाटी. शेवटी उठताना देसाई सर माझ्याकडे बघून म्हणाले,

"बाई, नाव शाईनं घाला हं. नुसतं बसवून घेऊ नका. बसलेलं पोर कवाबी उठवता येतंय. घातलासा न्हवं?"

"व्हय सर, घातलंय."

बघा, किती सोपं होतं. त्या खोलीत वीस माणसं माझ्या पाठीशी होती. त्या वीस माणसांसमोर मी खोटं बोलले.

का? ऐका तर. बदलीसाठी मी अर्ज टाकला होता. रामनगरला आई अंथरुणाला खिळलेली, अक्का एकटी तिचं करायची. बदलीच्या यादीत माझा नंबर वर येत होता, आणि सर्व्हिस बुकात एकही शेरा नको होता मला. वाडीच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं होतं, की परदेशी माणसांच्या भानगडीत पडलेल्याची चौकशी होते. कोण बोललं, काय आधार? मी विचारलंच नाही. मला तेवढं पुरलं. हे कारण आहे, सबब नव्हे. आईचं नाव मध्ये आणलं म्हणून ती सबब होत नाही.

मावी शिकली मात्र झपाट्यानं. दिवाळीपर्यंत वाडीच्या पोरींसारखं बोलायला लागली. "बाई, मी येतो हां," म्हणायची, आमच्याकडच्या बायका बोलतात तसं. पत्त्यांवरच्या मोकळ्या ओळी तिनं सगळ्या भरून घेतल्या माझ्याकडून. तिच्या भाषेतले शब्द मला नीट म्हणता येत नसत. मी म्हणायची, ती मान हलवून 'न्हाई, न्हाई' करायची, पुन्हा म्हणायला लावायची — अगदी माझ्यासारखी, डोळे वटारून. शाळा सुटल्यावर तिची आई कामातून सुटेपर्यंत ती माझ्या उंबऱ्यावर बसायची. मी भाजी चिरायची, ती पाढे म्हणायची. पाढे मोठ्यानं म्हणायची मला गरज उरली नाही. अकरा वर्षांतली ती तीन वर्षं मी एकटी नव्हते. हे सांगताना मला माझीच लाज वाटते — तिनं मला एवढं दिलं, आणि मी तिला काय दिलं?

एक वही दिली. शंभर पानी वही. तीच सांगते.

हजेरी घेताना मी पटावरची चौदा नावं घ्यायची आणि मग तोंडपाठ पंधरावं, "मावी". ती "हजर!" म्हणायची, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. एकदा ती टेबलाशी आली आणि आपलं नाव कुठं आहे ते बघायला लागली. पटात तिच्या नावाची ओळ कुठून असणार? मी म्हटलं, तुझी वही वेगळी, तू उशिरा आलीस ना. त्या दुपारी एका वहीत मी पट्टीनं ओळी मारल्या, महिने घातले, वर तिचं नाव लिहिलं — शाईनं! — आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यादेखत त्यात खूण करायला लागले. ती खूण बघूनच जागेवर जायची. तीन वर्षं मी एका पोरीची खोटी हजेरी अगदी नियमितपणे घेतली. इतकी टापटीप मी खऱ्या पटातसुद्धा ठेवली नसेल.

आणि मग ती शाल.

शिक्षक दिनाला संघानं माझा सत्कार ठेवला. निर्वासित मुलीला शाळेत घेणारी बाई म्हणून. मावी तेव्हा सातवीत होती. देसाई सर म्हणाले पोरीलाही आणा. मी आणलं. तिच्या केसांना तेल लावून मीच वेण्या घातल्या. व्यासपीठावर मला शाल, नारळ, आणि तिला कुणीतरी माईक दिला. ती न घाबरता म्हणाली,

"माझं नाव आमच्या बाईंनी पटात घातलंय. म्या आता शाळंची हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मी काय केलं? मीही पुसले. तेव्हा उठून सांगता आलं असतं का? आलं असतं. रात्री फोन करून देसाई सरांना सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप शाईनं नाव घातलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. पण शाल अंगावर पडली होती, आणि सांगायचं म्हणजे आधी ती काढून ठेवायला लागली असती.

आता येते त्या दिवसावर. वळसे संपले.

माघातल्या उळवीच्या जत्रेच्या आधीचे दिवस होते. तपासणीला साहेब येणार असा निरोप आला. साहेब पट बघतात, मुलं मोजतात, रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत उलटतात. बदल्यांचं कौन्सिलिंग, म्हणजे जागा निवडून घेणं, पुढच्याच महिन्यात होतं. आदल्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी शेवटचं पान काढलं आणि खोडरबरनं तिचं नाव खोडलं. नीट खोडलं. रबराचा भुसा फुंकून टाकला. आणि उंबऱ्यावर बसलेल्या मावीला सांगितलं, "उद्या तुला सुट्टी."

"फकस्त मलाच?"

"हो. तुलाच. बक्षीस समज."

ती आली. येणारच होती. वाडीची बाकीची पोरं गणवेशात शाळेकडे निघालेली दिसली असतील, तिला राहवलं नसेल. आत आली नाही. सुट्टी दिली होती ना मी. अंगणातल्या फणसाखालच्या दगडावर बसून राहिली, गणवेश घालून, दप्तर मांडीवर.

साहेबांचं काम झालं. भला माणूस होता. बाहेर पडताना त्यांची नजर तिच्याकडे गेली. ही कोण, त्यांनी विचारलं. हे सगळं कानडीत झालं. मी म्हटलं, वरच्या होमस्टेवर पाहुणे आलेत, त्यांची पोरगी आहे. गणवेश कसा मग? मुलांनी दिला असेल खेळायला, मी म्हटलं. साहेब तिच्याकडे बघून हसले. आणि म्हणाले — हे शब्द मी विसरू शकत नाही — "इथं राहणार असेल तर नाव घालून घ्या, बाई. कागद नसले तरी चालतात. काही लागलं तर मला सांगा."

कळलं तुम्हाला? ज्याला मी तीन वर्षं भीत होते, त्यानंच दार उघडून धरलं. ताकाला जाऊन मी भांडं लपवत होते, आणि समोरचा माणूस ताक घेऊन उभा होता.

मी म्हटलं, "जाणार आहे साहेब ती. दोन दिवसांत जाणार आहे."

कारण आता खरं सांगायचं तर तीन वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं. मावी दहा पावलांवर होती. तिला कानडी येत नव्हती का? मीच शिकवली होती. पत्त्यांवर, चित्राखाली, दुसऱ्या ओळीत.

तिनं दप्तर उचललं आणि वरच्या वाटेनं गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, आपल्या जागी बसली. मी पंधरावं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली. आवाज बारीक होता. खूण बघायला टेबलाशी आली नाही. त्या दिवसानंतर कधीच आली नाही. फक्त शाळा सुटताना विचारलं,

"बाई, माझी वही सायबास्नी दावलीसा काय?"

"हो," मी म्हटलं.

आणखी एक. एकदा सुरू झालं की किती सोपं जातं!

माझी बदली झाली. मे महिन्यात ते होमस्टे बंद पडलं आणि मावीच्या माणसांनाही निघावं लागलं, मोठ्या शहराकडे, तिथं त्यांच्या गावची काही घरं होती. तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. सातवी झाली होती, आठवीला दुसऱ्या शाळेत जायचं, दाखल्याशिवाय कोण घेणार? ज्या पोरीचं नाव रजिस्टरात नाही, तिला शाळा सोडल्याचा दाखला कसा द्यायचा? ती शाळेत आलीच नव्हती. मी म्हटलं, वरून यायचाय, टपालानं पाठवते. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला, मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर सुटं. मावी वाकून माझ्या पाया पडली. हे त्यांच्यात नसतं, ती आमच्या पोरींचं बघून शिकली होती. बापाच्या तोंडाला मी पानं पुसली ती अशी, आशीर्वाद देत देत.

जूनमध्ये तिचा फोन आला. "बाई, दाखला आला न्हाई. हितले हेडमास्तर मागायलेत." पाठवलाय, मी म्हटलं, टपाल चुकलं असेल. जुलैत पुन्हा आला. पुन्हा पाठवते म्हटलं. तेव्हाही एक फोन पुरला असता — देसाई सरांना. संघानं धावपळ करून, तिथल्या शिक्षकांना गाठून तिला वर्गात बसवलं असतं. त्यासाठीच तर तो ठराव होता. पण मग देसाई सरांना कळलं असतं. मी फोन केला नाही.

त्याच पावसाळ्यात आई गेली. माझ्या मांडीवर गेली, एवढं सुख बदलीनं दिलं. दिवस झाल्यावर शाळेचं जुनं कपाट आवरताना मला एक पिवळं पडलेलं रजिस्टर सापडलं. आमची माणसं मूळची काळी नदीच्या काठची. सुप्याच्या धरणात गाव गेलं आणि इथं येऊन पडली, हे तुम्हाला रामनगरात कुणीही सांगेल. त्या रजिस्टरात आईचं नाव होतं. वय अंदाजे. गावाच्या रकान्यात बुडालेल्या गावाचं नाव. शेऱ्यात लिहिलं होतं: कागद नाहीत. खाली कुण्या मास्तरांची सही. सगळं शाईनं. आई चौथीपर्यंत शिकली होती, आणि तिला वाचता येत होतं म्हणून तिनं मला शिकवलं, आणि मी बाई झाले. मी ते पान मिटलं आणि मुलांना गणितं घालायला गेले.

तिसरा फोन दिवाळीनंतर आला. मी सबब तयार ठेवली होती. लागलीच नाही.

"बाई, आता दाखला धाडू नगासा. मी कामाला जातो, कपड्याच्या कारखान्यात. वडलांस्नी सांगिटलंय, बाईंनी धाडला हुता, टपालात गेला म्हणून." मग म्हणाली, "तुमी बऱ्या हायसा न्हवं? एकट्याच असतासा."

तिला ठाऊक होतं. बापाला माझ्यासाठी खोटं सांगितलं तिनं. तेरा-चौदा वर्षांची होती. मी बरी आहे म्हटलं. त्यानंतर फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

देसाई सर निवृत्त झाले. नवीन शिक्षक आले की संघात अजून माझं उदाहरण देतात. मी खुर्चीत बसून मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. संघाच्या कामानं नंतर इतर शाळांत अशी तीन मुलं शाईनं नोंदली गेली. शिकतायत. माझ्या खोट्यावर विसंबून दुसऱ्यांनी खरं केलं. यातलं काही माझ्या पदरात पडत नाही.

संध्याकाळी घरी येते. अक्का आता लेकाकडे असते. भाजी चिरते. पाढे म्हणायचा प्रयत्न एकदा केला, सोडून दिला.

ती वही माझ्या कपाटात आहे, शालीच्या घडीखाली. तीन वर्षांच्या खुणा आहेत तिच्यात, एकही चुकलेली नाही, मावी कधी चुकवायचीच नाही. फक्त एका दिवसापुढं मी गैरहजर लिहिलंय. तपासणीच्या दिवशी.

त्या दिवशी ती हजर होती.